रॉड्रिग्जला काइटसर्फिंगसाठी जाताना: वाऱ्याखेरीज काय काय पाहून ठेवावे

जूनच्या सुरुवातीला कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात आणि समुद्र दोन महिन्यांसाठी बंद होतो. नेमक्या त्याच दिवसांत मुंबईपासून सुमारे 4,400 किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या पलीकडे, रॉड्रिग्ज या छोट्या बेटावर काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याच्या खेळाचा, हंगाम ऐन भरात येत असतो, आणि या दोन्ही गोष्टींमागचे कारण एकच आहे. हिंद महासागराच्या दक्षिण भागात, साधारण 30 अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, तिकडच्या हिवाळ्यात हवेचा मोठा उच्चदाब तयार होतो. मोसमी पावसाच्या अंदाजात ‘मस्कारेन हाय’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो हाच. त्याच्या उत्तर अंगाने निघालेले वारे विषुववृत्त ओलांडताना वळतात आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे होऊन पोहोचतात. रॉड्रिग्जला मात्र ते वाटेतच, न वळलेल्या रूपात, आग्नेयेकडून किंवा पूर्व-आग्नेयेकडून, दिवसामागून दिवस मिळत राहतात.

रॉड्रिग्ज मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे 560 किलोमीटरवर आहे. राजकीयदृष्ट्या ते मॉरिशसचाच भाग असले तरी 2002 पासून त्याला स्वायत्तता आहे. बेटाचे क्षेत्रफळ अवघे 108 चौरस किलोमीटर आहे. परंतु त्याच्याभोवती प्रवाळभिंतीने वेढलेले जे उथळ पाणी आहे, ज्याला आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत खारकच्छ म्हणतात आणि काइटसर्फर लगून म्हणतात, ते जमिनीच्या जवळपास दुप्पट पसरलेले आहे. मॉरिशसच्या ल मोर्न किनाऱ्याचे नाव या खेळातील बहुतेकांना ठाऊक असते. तेथे गर्दीही तशीच असते. रॉड्रिग्जला जाणारे त्या मानाने फार थोडे. सलग वारा, सपाट पाणी आणि मोकळी जागा या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळतात, त्यामुळे वाऱ्याची चिंता सर्वात कमी करावी लागते. खरी तयारी करायची असते ती बेटावर जे मिळत नाही त्याची, कारण येथे सुटे भाग विकणारे मोठे दुकान नाही, विमानाच्या फेऱ्या मोजक्या आहेत, आणि एखादी वस्तू विसरली तर ती समुद्रापलीकडून यावी लागते.

प्रथम हंगाम ठरवावा. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वारा भरवशाचा असतो आणि साधारण 15 ते 25 नॉटच्या दरम्यान राहतो. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर. दक्षिणेकडून सरकणारा उच्चदाब जवळ आला की दोन-तीन दिवस वारा याहूनही चढतो, आणि दोन उच्चदाबांच्या मधल्या काळात तो पडतो. म्हणून आठ-दहा दिवसांच्या मुक्कामात दोन-तीन दिवस पाण्यात उतरता येणार नाही असे आधीच धरून चालावे, आणि पाच दिवसांसाठी इतक्या लांब जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये वारा सर्वात जोरकस असतो, पण आभाळ अधूनमधून भरून येते आणि पाण्याचे तापमान 23-24 अंशांपर्यंत उतरते. माझ्या मते सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा काळ अधिक चांगला, कारण वारा थोडा सौम्य झालेला असतो आणि ऊन-पाणी दोन्ही सुखाचे असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असल्याने त्या महिन्यांत केवळ काइटसर्फिंगसाठी जाण्यात अर्थ नाही. आणखी एक बाब मराठी प्रवाशाने लक्षात ठेवावी. मॉरिशसमध्ये पिढ्यान् पिढ्या राहत असलेल्या मराठी समाजामुळे तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, आणि ती याच हंगामात येते. त्या दिवशी बँक किंवा सरकारी कार्यालयातील काम ठेवू नये. सुटीची तारीख आपल्या पंचांगापेक्षा एखाद्या दिवसाने वेगळी असू शकते, त्यामुळे ती तिथल्या सरकारी यादीतच पाहावी.

दुसरा प्रश्न स्वतःच्या तयारीचा आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. बोर्डवर उभे राहता येणे पुरेसे नाही. वारा येतो त्या दिशेला तिरके कापत, निघालो त्याच जागी परत येता आले पाहिजे. ते जमत नसेल तर प्रत्येक फेरीनंतर काइट हातात धरून किनाऱ्याने चालत परतावे लागते, आणि प्रवासाचा अर्धा वेळ त्यातच जातो. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अखेरीपासून दुपारनंतरचे खारे वारे मिळतात. तमिळनाडूत रामेश्वरमच्या परिसरातही शिकवणारे आहेत. तेथे हे कौशल्य पक्के करून घ्यावे आणि मगच तिकीट काढावे. रॉड्रिग्जमध्ये शिकवणारे नाहीत असे नव्हे. आग्नेय किनाऱ्यावरील मुरुक येथे प्रशिक्षण, भाड्याची साधने आणि मदतीची होडी हे सारे मिळते. परंतु शिकण्याची पहिली चाचपडणारी पायरी घराजवळ ओलांडलेली असली की त्या लगूनचा खरा लाभ घेता येतो.

प्रवास दोन टप्प्यांचा आहे. मुंबईहून मॉरिशसला थेट विमान जाते आणि त्याला सहा तासांच्या आसपास लागतात. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, मात्र परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि पुरेसे पैसे यांचे पुरावे हाताशी ठेवावे लागतात. मॉरिशसहून पुढे एटीआर 72 जातीचे पंख्याचे छोटे विमान सुमारे दीड तासात रॉड्रिग्जच्या प्लेन कोराय विमानतळावर उतरवते. या दुसऱ्या टप्प्यातील जागा मर्यादित असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मॉरिशस व शेजारच्या रियुनियन या फ्रेंच बेटावरील लोकही सुटीसाठी तिकडे जातात. म्हणून आधी रॉड्रिग्जच्या विमानातील जागा पाहावी आणि तिच्याशी जुळवून मुंबईचे तिकीट काढावे. उलट क्रमाने गेल्यास मॉरिशसमध्ये अडकून पडण्याची वेळ येते. परतीच्या वाटेवर रॉड्रिग्ज सोडण्याचा दिवस आणि मुंबईचे विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, कारण हवामानामुळे छोटी विमाने रद्द होऊ शकतात आणि पुढची फेरी लगेच मिळेलच असे नाही. तो दिवस मॉरिशसच्या विमानतळाजवळील माहेबूर गावात काढणे सोयीचे पडते.

छोट्या विमानाचा खरा परिणाम सामानावर होतो. दोन काइट, बार (काइट हाकण्याची दांडी), हार्नेस (काइटची ओढ कमरेवर घेणारा पट्टा), पंप आणि ट्विन-टिप (दोन्ही टोके सारखी असलेला) बोर्ड एवढेच भरले तरी पिशवी सहज 18 ते 20 किलोंची होते आणि तिची लांबी 140 सेंटिमीटरच्या पुढे जाते. वजनाची मर्यादा, लांबीची मर्यादा आणि खेळाच्या साहित्याचे वेगळे शुल्क या तिन्ही गोष्टी तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला लेखी विचाराव्यात आणि आलेले उत्तर छापून पिशवीत ठेवावे. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर कोणता नियम लागू होतो, हेही त्याच पत्रात विचारावे. विमानात भार जास्त झाला तर मोठे सामान पुढच्या फेरीने येण्याची शक्यता असते. म्हणून हार्नेस, बार, लायक्रा (पाण्यात घालायचा अंगासरशी सदरा) आणि दुरुस्तीची पिशवी शक्य तितकी हातातील सामानात घ्यावी, कारण काइट आणि बोर्ड एक-दोन दिवस भाड्याने मिळू शकतात, मात्र आपल्या कमरेला नीट बसणारे हार्नेस मिळेलच असे सांगता येत नाही. चाकू किंवा लाइन कापण्याचे हत्यार अर्थातच खालच्या सामानात जाईल.

कोणत्या आकाराची काइट न्यावी याचा ढोबळ हिशेब असा करता येतो: आपले वजन किलोमध्ये घ्यावे, त्याला वाऱ्याच्या नॉटमधील वेगाने भागावे आणि येईल त्याला 2.2 ने गुणावे. उत्तर चौरस मीटरमध्ये मिळते. 75 किलो वजनाच्या माणसाला 15 नॉटला 11, 20 नॉटला साधारण 8 आणि 25 नॉटला साडेसहाच्या आसपास आकार लागतो. दोनच काइट न्यायच्या असतील तर अशा व्यक्तीने 7 आणि 10 न्याव्यात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 15 वरून 21 नॉटवर गेलेला वारा जवळपास दुप्पट ओढतो. ज्यांनी केवळ दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांत सराव केलेला असतो ते सवयीने मोठी काइट उचलतात, आणि हीच चूक तेथे महागात पडते. शंका आली की लहान काइट घ्यावी. अंदाज पाहण्यासाठी विंडी किंवा विंडगुरू वापरता येते. मात्र चांगल्यातल्या चांगल्या जागतिक हवामान प्रतिकृतीची (ज्या संगणकीय हिशेबावरून हे अंदाज निघतात त्याची) जाळी 9 किलोमीटरच्या आसपासची असते, आणि 18 किलोमीटर लांबीच्या डोंगराळ बेटाचे बारकावे तिच्यात उतरत नाहीत. म्हणून पडद्यावरचा आकडा आणि किनाऱ्यावरचा प्रत्यक्ष वारा यांतील फरक पहिले दोन दिवस वहीत टिपून ठेवावा. तिसऱ्या दिवसापासून अंदाज वाचता येऊ लागतो.

दुरुस्तीच्या पिशवीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. माझ्या 9 चौरस मीटरच्या काइटची पुढची फुगलेली नळी तिसऱ्या सकाळी अर्ध्या तासात मऊ पडली. व्हॉल्वभोवती साबणाचे पाणी लावल्यावर त्याच्या बुडाशी बारीक बुडबुड्यांची रांग उमटली, म्हणजे नळीच्या आतील ब्लॅडरवरील (हवेच्या पिशवीवरील) व्हॉल्वचा डिंक उन्हाने सुटला होता. अशा वेळी ब्लॅडर ओढून बाहेर काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांना काइटच्या रुंदीपेक्षा लांब अशी बारीक दोरी बांधावी, म्हणजे दुरुस्तीनंतर तिच्याच आधाराने तो पुन्हा आत ओढून घेता येतो. दोरी बांधायला विसरल्यास पुढचे दोन तास नळीत हात घालून काढावे लागतात. व्हॉल्वच्या जागेवरचा जुना डिंक स्पिरिटने स्वच्छ पुसावा, चिकटवायचा नवा व्हॉल्व बसवावा, त्यावर जड वस्तू ठेवून रात्रभर दाबून ठेवावे, आणि ब्लॅडर आत सरकवताना त्याला टाल्कम पावडर लावावी. हे सारे त्या दिवशी जमले, कारण दोन तयार व्हॉल्व, स्पिरिटच्या पट्ट्या आणि दोरी जवळ होती. याखेरीज कापड चिकटवण्याची पट्टी, काइटच्या दोऱ्यांचा एक सुटा तुकडा, पंपाच्या नळीची सुटी टोके, फिनचे (बोर्डखालच्या छोट्या पात्यांचे) चार जादा स्क्रू आणि ते पिळण्याचा पेचकस एवढे असावेच. हे सारे मिळून एक किलोही भरत नाही.

आता जागेकडे वळू. मुरुकचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. समुद्राकडे पाहत उभे राहिले की वारा डाव्या हाताने, किंचित किनाऱ्याकडे येणारा असतो, आणि या खेळासाठी हीच दिशा सर्वात सुरक्षित, कारण काही बिघडले तरी आपण वाहत वाहत पश्चिमेच्या उथळ लगूनमध्ये किंवा जमिनीकडे जातो. याउलट पोर्ट मॅथुरिन हे मुख्य गाव उत्तर किनाऱ्यावर आहे. तेथे हाच वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि डोंगरामुळे झटके देत येतो. गावाजवळ राहायला मिळाले म्हणून तेथेच पाण्यात उतरण्याचा मोह होतो, तो टाळावा.

मुरुकसमोर प्रवाळभिंतीत एक खोल खिंड आहे. पांढुरक्या-पोपटी उथळ पाण्यातून गडद निळ्या पाण्याचा पट्टा आत शिरलेला किनाऱ्यावरून स्पष्ट दिसतो. भरतीला समुद्र या खिंडीतून आत येतो आणि ओहोटीला लगूनचे पुष्कळ पाणी तिच्यातून बाहेर जाते, त्यामुळे ओहोटीच्या मधल्या तासांत तेथे बाहेरच्या दिशेने जोरदार ओढ असते. खिंडीच्या कडेचे पाणी इतके सुंदर दिसते की प्रत्येकाला तेथे जावेसे वाटते. जावेही; पण भरती चढत असताना, सोबतीला दुसरा काइटसर्फर असताना आणि किनाऱ्यावरील कोणाला तरी सांगून.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाच तेथे दिवसाचा खरा आराखडा ठरतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीला लगूनचे मोठे पट्टे जवळजवळ उघडे पडतात आणि फिन प्रवाळावर घासू लागते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमारास, पाणी इतके खाली जात नाही आणि पाण्यात उतरण्याचा वेळ वाढतो. तिथीवरून समुद्र ओळखण्याची कोकणातील ही जुनी रीत येथेही उपयोगी पडते, पण भरतीची घटका मात्र आपल्याकडची तेथे लागू होत नाही. ती पोर्ट मॅथुरिनच्या तक्त्यावरूनच घ्यावी. मुक्कामाच्या तारखा निवडण्याची मोकळीक असेल तर मधले दिवस अष्टमीच्या आसपास येतील असे पाहावे. शिवाय जूनअखेर तेथे सूर्य सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान मावळतो, हे ध्यानात ठेवून संध्याकाळची शेवटची फेरी चारनंतर सुरू करू नये.

ओहोटीला उघड्या पडलेल्या त्या पट्ट्यांवर गुडघाभर पाण्यात हातात लांब सळई घेऊन वाकून चालणाऱ्या बायका दिसतात. त्या प्रवाळाच्या भोकांतून ऑक्टोपस काढत असतात. पाऊल कोठे टाकायचे हे त्यांना इंचाइंचाने माहीत असते, आणि सळई आत गेली की क्षणभर थांबून, मनगटाला एक पीळ देऊन त्या ऑक्टोपस बाहेर ओढतात. अनेक कुटुंबांचे उत्पन्न या मासेमारीवर आहे, आणि ऑक्टोपसची संख्या टिकावी म्हणून 2012 पासून दरवर्षी काही आठवडे ती बंदही ठेवली जाते. त्यांच्यापासून काइटच्या दोऱ्यांच्या दुप्पट अंतर, म्हणजे किमान 50 मीटर, राखून जावे. आग्नेयेकडील लगूनचा काही भाग संरक्षित सागरी क्षेत्रात येतो, तेव्हा कोठे उतरावे आणि कोठे नाही हे पहिल्याच दिवशी स्थानिकांना विचारून घ्यावे. प्रवाळावर उभे राहू नये. त्याने प्रवाळही मरते आणि आपला पायही कापला जातो, म्हणून जाड तळव्याचे पाण्यातले बूट अवश्य न्यावेत. या पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश आढळतो. त्याचा काटा लागल्यास तो भाग सहन होईल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि तसेच रुग्णालय गाठावे.

सुरक्षेच्या बाबतीत एक सराव निघण्यापूर्वी दोनदा तरी करून पाहावा. खोल पाण्यात काइट पडली आणि उठेना, तर प्रथम क्विक रिलीज (काइटची ओढ झटकन सोडणारी कळ) ओढून ती निर्जीव करावी, सेफ्टीच्या (ओढ सोडल्यावरही काइट आपल्याशी जोडून ठेवणाऱ्या) दोरीने बारपर्यंत पोहोचावे, दोऱ्या बारवर एकीवर एक घट्ट गुंडाळत काइटपर्यंत जावे, आणि मग तिचे टोक शिडासारखे धरून किनाऱ्याकडे वाहत यावे. कागदावर हे सोपे वाटते. लाटांत, मोकळ्या दोऱ्या पायाला गुंडाळू पाहत असताना, हात आपोआप चालले पाहिजेत. शिट्टी आणि जलरोधक पिशवीतील फोन अंगावर ठेवावा. मॉरिशसच्या रुग्णवाहिका सेवेचा क्रमांक 114 आहे. बेटावर रुग्णालय आहे, परंतु गंभीर इजा झाल्यास विमानाने मॉरिशसला हलवावे लागते. म्हणून प्रवास विमा घेताना काइटसर्फिंग हा शब्द पॉलिसीत स्पष्ट लिहिलेला आहे का आणि हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का, हे वाचून पाहावे; ‘साहसी खेळ’ एवढ्या मोघम शब्दावर विसंबू नये.

राहण्यासाठी मुरुक किंवा त्याच्या आसपासच्या गावांतील घरगुती अतिथिगृहे उत्तम. बहुतेक ठिकाणी संध्याकाळचे जेवण घरचेच मिळते. मासे आणि ऑक्टोपस मुख्य असले तरी बेटावरचा लाल राजमा, मका, लिंबू आणि मिरची यांची ख्याती आहे, आणि आधी कळवल्यास शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. भाषा क्रिओल आणि फ्रेंच. इंग्रजी पर्यटनाच्या ठिकाणी चालते. रोकड पोर्ट मॅथुरिनमध्ये काढून ठेवावी, आणि तेथील शनिवारचा बाजार पहाटेच गाठावा, कारण नऊनंतर तेथे फारसे काही उरत नाही. वाहन भाड्याने घेतल्यास आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवायचे असते.

बेटावर गोड्या पाण्याची टंचाई असते, म्हणून रोज काइट धुण्याचा आग्रह धरू नये. बार, क्विक रिलीज आणि पंप एवढेच बादलीभर पाण्यात बुडवून काढावे आणि काइटवरची वाळू कोरडी झाल्यावर हाताने झटकावी. शेवटच्या दिवशी मात्र दुपारी एकच्या पुढे पाण्यात जाऊ नये. काइट सावलीत उलट्या पसरून, टोकांतील शिवणींत अडकलेली वाळू झाडून, त्या पूर्ण वाळवूनच घड्या घालाव्यात. ओलसर काइट आणि तिच्यातील वाळू मिळून पिशवीचे वजन दोन-तीन किलोंनी वाढते, आणि प्लेन कोरायच्या काट्यावर ते लगेच दिसते.